बसत नाही, तर उभ्याने रंगवू द्या

ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आणि मुलगी सहा. आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो, सासूबाई सोबत असतात. मुलाला चित्रकलेची वही दिली की दोन पानांवर फराफरा रेघोट्या मारून तो उठतो आणि तोच खडू घेऊन भिंतीकडे वळतो. घरमालकांनी एकदा बोलून दाखवलं आहे. जलरंग दिले तर ब्रश तोंडात जातो. मुलीचं उलट. ती कागदासमोर बसते आणि ‘मला येत नाही, तूच काढून दे’ म्हणते. मोबाइलवर बघून मी एक-दोन कलाकृती करायला घेतल्या, त्या शेवटी मीच पूर्ण केल्या. मुलाच्या बालवर्गाच्या बाई म्हणतात, रंग रेषेबाहेर जातो, घरी सराव घ्या. सासूबाई म्हणतात, हा पसारा हवाय कशाला. काय करायचं, कुठे करायचं आणि कोणते रंग द्यायचे, ते सांगाल का?
– रंगांनी वैतागलेली आई

तुमच्या मुलाची अडचण एवढीच की त्याला दिलेली वही त्याच्या हाताला पुरत नाही. साडेतीन वर्षांचं मूल रंगवतं ते खांद्यातून. हात खांद्यापासून फिरतो, कोपर त्यामागून येतं, मनगट अजून ताठच असतं. चिमटीत खडू धरून तो बारीक फिरवणं ही फार पुढची पायरी. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढू लागतं, चौथ्या-साडेचौथ्या वर्षी चौकोन जमतो, पाचव्याच्या आसपास त्रिकोण. थोडं मागेपुढे सगळ्यांचंच होतं. आता ज्याचा हात जेमतेम गोलापर्यंत पोचलाय, त्याच्यापुढे वहीचं पान ठेवलं तर दोन फटकाऱ्यांत ते संपणारच. मग तो उठतो आणि भिंत शोधतो. भिंत मोठी असते, उभी असते, हाताखालून सरकत नाही आणि नेमकी त्याच्या छातीसमोर येते. रंगकामाला याहून चांगली जागा मलाही सुचत नाही. फक्त ती घरमालकांची आहे.

तेव्हा त्याला भिंतच द्या, पण धुता येणारी. म्हणजे न्हाणीघराची.

वन बीएचकेमध्ये रंगकामाची खोली म्हणून न्हाणीघराला तोड नाही. फरशा गुळगुळीत, नळ हाताशी, पाणी वाहून जायला जाळी आणि काम संपलं की तिथेच आंघोळ. अंघोळीच्या आधी अर्धा तास, अंगात फक्त चड्डी, दोन वाट्यांत दोन रंग आणि समोर कमरेपासून डोक्यापर्यंतच्या टाइल्स. ब्रश द्यायचाच असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला दोन इंची, भिंत रंगवायचा द्या. चित्रकलेच्या पेटीतला शेपटीसारखा ब्रश या वयात मुठीत धरला जातो आणि पाच मिनिटांत त्याचे केस उलटे होतात. पण पहिल्या दिवशी ब्रशही नको. तळहात पुरे.

यासाठी रंग घरीच करा. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. दीड वाटी पाणी उकळा, त्यात ते ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरं दुधाळ मिश्रण हळूहळू अर्धपारदर्शक होतं आणि चमच्याला धरायला लागतं, तेव्हा उतरवा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून जरा सैलच ठेवा. कांजीच्या साड्यांच्या काळात घरोघरी जी खळ व्हायची तीच ही. चिमूटभर मीठ घाला, वाट्यांत वाटून घ्या आणि खायच्या रंगाचे थेंब टाका. खायचा रंग जपून घाला. जास्त झाला तर तळव्यांवर दोन दिवस राहतो आणि टाइल्सच्या मधल्या पांढऱ्या सांध्यांत शिरतो. आधी एका कोपऱ्यात थेंब लावून, दहा मिनिटांनी धुऊन बघा. सांधा रंगला तर तिथे खाकी कागद चिकटवून काम करा. ही खळ झाकून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. आंबूस वास आला की फेकायची. मैदा कच्चाच कालवून दे म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नका. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि आपले धाकटे चिरंजीव हात चाटणारे आहेत.

रंग दोनच का, असं तुम्हाला वाटेल. लाल आणि पिवळा दिला तर भिंतीवर त्याच्या डोळ्यांदेखत केशरी होतो आणि तो बघायला तो थांबतो. पाच रंग दिले तर मिनिटाभरात सगळ्याचं शेण होतं आणि पुढे काहीच घडत नाही. पुढच्या वेळी निळा-पिवळा द्या. त्याला आधी काही सांगू नका. हिरवा सापडल्यावर तो ओरडून सांगेल, तेव्हा तुम्ही नव्याने बघितल्यासारखं बघा.

न्हाणीघरात दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघायच्या. खळ फरशीवर सांडली की पाय सटकतो, म्हणून खाली खरबरीत रबरी मॅट हवी. आणि भरलेली बादली आत ठेवायची नाही. लहान मूल बादलीत डोकावलं आणि डोक्याच्या भाराने आत गेलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. फोन वाजला तर वाजू द्या, पण त्याला तिथे एकटं सोडून जाऊ नका.

रोज खळ शिजवणं होणार नाही, व्हायलाही नको. मधल्या दिवसांसाठी रंगाशिवायचं रंगकाम आहे आणि ते मला फार आवडतं. तोच दोन इंची ब्रश, डब्यात पाणी आणि बाल्कनीची फरशी किंवा गच्ची. शहाबादी फरशी ओली झाली की गडद होते, कडाप्पा काळाभोर. मूल पाण्याने सबंध फरशी रंगवून काढतं, तोवर पहिला कोपरा वाळून पुन्हा कोरा झालेला असतो. उन्हाळ्यात दुपारी साडेचारनंतर हे एक तास चालतं. पाण्याची टंचाई असेल तर पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे बाहेर जातं ते बादलीत धरून ठेवा, तांदळाचं धुवणही चालेल. गच्चीच्या चावीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलावं लागेल, ते मात्र तुम्हालाच करायचंय.

आता तुमच्या दोन्ही मुलांना एकत्र करता येईल असा एक उद्योग सांगते. यात सासूबाईंनाही ओढता येईल.

घरातलं जुनं पांढरं सुती कापड घ्या. फाटका पंचा, विरलेला उशीचा अभ्रा, धोतराचा तुकडा, काहीही. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे हळद कालवून त्यात ते पाव तास बुडवा, पिळा आणि सावलीत वाळवा. पिवळं धमक झालेलं कापड बाल्कनीतल्या दोरीवर चिमटे लावून अशा उंचीवर टांगा की मुलांना उभ्याने हात पोचेल. एका वाटीत अंगाच्या साबणाचा तुकडा कोमट पाण्यात विरघळवून ठेवा. मुलीला ब्रश द्या आणि म्हणा, या पाण्याने रेघ ओढ. पाणी तर पांढरट, पण कापडावर रेघ उमटते ती लाल. मग दुसऱ्या वाटीतलं लिंबाचं पाणी त्या रेघेवर टाकायला सांगा. रेघ पुन्हा पिवळी होते. पुन्हा साबण, पुन्हा लाल. हे कितीही वेळ चालतं आणि ‘मला येत नाही’ म्हणायला त्यात जागाच नाही, कारण काही काढायचंच नाहीये. धाकट्याला पिचकारीची छोटी बाटली द्या. तो दोन हातांनी दाबेल आणि कापडावर तांबडे शिंतोडे उडतील. शिंतोडे कापडावरच उडावेत म्हणून त्याला दोरीपासून दोन हातांवर, भिंतीकडे तोंड करून उभा करा. साबणाचं पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं. त्याच्यासाठी साबणाऐवजी खायच्या सोड्याचं पाणी करा, रंग थोडा कमी चढेल पण चढेल. लहान मुलांच्या काही सौम्य साबणांनी मात्र काहीच होत नाही, कारण ते साबणासारखे आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, नसतात. आधी एक थेंब टाकून बघा, म्हणजे जादूचा प्रयोग फसायला नको.

हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याचा हा गुण. आम्लारी लागली की तो लाल होतो. अस्सल कुंकू हळदीचं करत ते याच जोरावर. सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी घरी किंवा गावात कुंकू करताना त्यांनी पाहिलं असेल तर त्या दोरीजवळ येऊन उभ्या राहतील. एक सांभाळा: चुन्याने रंग झकास चढतो, पण खायचा चुना मुलांच्या हाती द्यायचा नाही. डोळ्यात गेला तर इजा करतो. फ्रॉकवर हळदीचा डाग पडला तर घाबरू नका. साबण लावल्यावर तो लाल दिसतो म्हणून आपण आणखी घासत बसतो. नुसता धुवा आणि कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. एक-दोन उन्हांत तो उडतो.

ठशांचं काम सगळेच सांगतात, तेव्हा थोडक्यात. भेंडीचं फूल उमटतं, अर्ध्या कांद्याची वर्तुळं, कोबीच्या कापाची झाडं. पण हे टेबलाशी बसून करायला दिलंत तर धाकटा दहा मिनिटांत भेंडी खाईल. खाकी कागदाची लांब पट्टी पॅसेजमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने लावा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रंगाची थाळी एकाच टोकाला ठेवा. म्हणजे ठसा उमटवायला चालत जावं लागतं. कांद्याचा काप आधी फडक्याने टिपून घ्या. ओला असेल तर नुसता डाग पडतो.

मुठीचे ठसेही करून बघा. गौरी येतात तेव्हा उंबरठ्यापासून आतपर्यंत जी पावलं उमटवतात ती आपल्या हाताची असतात: मूठ वळायची, करंगळीकडची कड पिठात बुडवून टेकवायची आणि वर बोटांच्या टोकांनी पाच टिपके. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की रंग तयार, फक्त हेही कच्चं पीठ, म्हणून धाकट्याचे हात तोंडात जाऊ देऊ नका. सहा वर्षांच्या मुलीला हे लगेच जमतं. डाव्या मुठीने डावं पाऊल, उजव्या मुठीने उजवं, हे तिला स्वतःला शोधू द्या. साडेतीन वर्षांच्या मुलाची पावलं वाकडी येतील आणि भलतीकडे निघून जातील. पुसून सरळ करू नका.

परातीचा खेळ घरात बसून होणारा, पण अंग हलवणारा. परातीच्या तळाच्या मापाचा गोल कागद आत ठेवा, त्यावर चमचाभर पातळ रंग सोडा आणि त्यात एक लिंबू टाका. परात दोन्ही हातांनी धरून हलवायची. लिंबू सरळ घरंगळत नाही, कसंही वळतं, म्हणून रेघांची मजा येते. सगळीकडे यासाठी गोट्या सांगतात. गोटी तोंडात जाऊन घशात अडकू शकते, म्हणून तुमच्या घरी लिंबूच.

तुमच्या दोन्ही मुलांत मुलगी मोठी, म्हणून गेरू तिच्यासाठी. हार्डवेअरच्या किंवा पूजेच्या सामानाच्या दुकानात गेरू सहज मिळतो. लोहाच्या ऑक्साइडने लाल झालेली ती माती. बाल्कनीत चार कुंड्या असतील तर त्या रंगवायचं काम तिच्याकडे सोपवा, दिवाळीच्या आधीच कशाला, कधीही. पाण्यात कालवताना चमचाभर फेव्हिकॉल घातला तर हाताला लागत नाही. कुंडी वाळली की तांदळाच्या पिठाने त्यावर टिपके, रेघा. वारली चित्रं अशीच होतात, गेरूच्या किंवा शेणमातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी टोकाला चावून केलेल्या कुंचल्याने. मूळची ही कला लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती रोजची केली आणि २०११ मध्ये पद्मश्रीपर्यंत नेली. तुमच्या मुलीला काडी चावायला द्या, ब्रश स्वतः तयार करण्यात अर्धी गंमत आहे. काडी निंबाची घ्या, म्हणजे कडू तोंड करून ती हसेल आणि तिचं काढता येण्या-न येण्याचं दडपण तेवढं हलकं होईल. गेरूचा डाग मात्र हळदीसारखा उन्हाने जात नाही, म्हणून कपडे टाकाऊच घाला.

वारलींच्या याच डहाणूच्या टापूत, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालवाडी सुरू केली, पुढे ती कोसबाडच्या टेकडीवर गेली. माँटेसरीची विकतची साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, माती असं भोवतालचं सामान वापरलं. आज आपण मोबाइलवर बघून ऑनलाइन किट मागवतो, त्यात आधीच कापलेलं फुलपाखरू येतं आणि मुलाने फक्त ठरलेल्या जागी ठरलेला रंग लावायचा असतो. तुम्ही करायला घेतलेल्या कलाकृती तुम्हालाच पूर्ण कराव्या लागल्या त्याचं कारण हेच आहे. त्या तुमच्या वयाच्या होत्या. शेवटी काय दिसलं पाहिजे हे आधी ठरलेलं असलं, की लहान मूल त्यात मजूर होतं आणि मजुरीला ते कंटाळतं.

कोणते रंग द्यायचे, याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे.

धाकट्यासाठी खळीचा घरचा रंग. विकतचाच घ्यायचा झाला तर खास बोटांनी रंगवण्यासाठी म्हणून विकला जाणारा घ्या आणि डब्यावर आयएसआय चिन्ह शोधा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना हे चिन्ह सक्तीचं आहे आणि बोटांच्या रंगांसाठी आयएस ९८७३ या मानकाचा स्वतंत्र सातवा भाग आहे. नुसतं ‘बिनविषारी’ असं छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, छापायला काय लागतं. मोठीला पोस्टर कलर चालतील. ते पाण्यात धुतले जातात, पण कपड्यावरचा डाग ओला असतानाच गार पाण्याखाली धरा. ॲक्रिलिक घरात आणूच नका. एकदा वाळलं की त्याचं प्लॅस्टिक होतं, कपडा गेला म्हणून समजा.

माळ्यावर उरलेला ऑइलपेंटचा डबा मुलांना द्यायचा मोह होतो, विशेषतः बाबांना. नको. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या डब्यात किती असेल ते कोण सांगणार. शेंदूरही नको, त्यातही शिसं असू शकतं. दुकानातली रांगोळी दगडाची पूड असते, तिची बारीक धूळ फुफ्फुसात जाते. मुलांच्या हाती रांगोळी म्हणून तांदळाचं पीठ द्या. गुलालाचंही तेच. कोरडी, उडणारी पूड कुठलीच नको, जे द्यायचं ते कालवून ओलं द्यायचं.

तुमच्या मुलीकडे पुन्हा येते, कारण मुलगा भिंतीपाशी रमला की सुटला, तिचं तसं नाही. सहा वर्षांची मुलगी ‘मला येत नाही’ म्हणते तेव्हा तिने कुणाचं तरी चांगलं चित्र बघितलेलं असतं, शाळेत किंवा तुमच्याच हातचं. तिने कितीही गळ घातली तरी तिच्या कागदावर तुम्ही काढून देऊ नका. आपण काढून काय देणार, तर दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि वाकडं नारळाचं झाड. हे सहाव्या वर्षी शिकवलं की साठाव्या वर्षापर्यंत तेच निघतं. मी बालवाडीत शिकवत असताना मुलांच्या आया शाळेत यायच्या, त्यांच्याही हातून तोच देखावा यायचा.

तिला असं काम द्या ज्यात काढणं नसून करणं आहे. खाकी कागदावर तिला उताणं झोपवा, हात-पाय पसरून, आणि धाकट्याला तिच्याभोवती खडूने रेघ ओढू द्या. रेघ काखेत गुदगुल्या करेल, बोटांपाशी चुकेल, चुकू द्या. मग तो आकार भिंतीला टेकवून उभा करा. तिच्या उंचीची ती समोर उभी! आता तिला कपडे घालायचे आहेत, दागिने, चपला, हवा तर मुकुट. सपासप मोठा ब्रश लागतो, बोटं लागतात, जुन्या दातघासणीने शिंतोडे उडवून खडीची साडी होते. दुसऱ्या दिवशी धाकट्याची पाळी. दोन कागद शेजारी शेजारी लावले की त्यांच्यात परस्पर भांडण सुरू होईल, त्यात पडू नका.

दुसरं काम रंग तयार करण्याचं. बर्फाच्या ट्रेमध्ये लाल, पिवळं, निळं पाणी तीन खणांत द्या आणि सिरपच्या बाटलीबरोबर येणारा ड्रॉपर. बाकीचे खण रिकामे. किती थेंब कशाचे टाकले की काय होतं, हे ती तासभर करेल. प्रत्येक रंगाला नाव तिने ठेवायचं. एका मुलीने एका मातकट हिरव्याला ‘आजीच्या औषधाचा रंग’ असं नाव दिलं होतं आणि तो अगदी तसाच होता. धाकट्याच्या न्हाणीघरातल्या वाट्यांचे रंगही मग तीच करून देईल. जिला येत नव्हतं तिच्याकडे रंगाचं खातं आलं.

आणि तिने काहीही केलं तरी ‘हे काय आहे?’ विचारू नका. ‘छान छान’ही पुरवून वापरा. दिसतंय ते बोला: या बाजूला तू खूप जोरात ब्रश फिरवलास, इथे निळ्याखालून पिवळा दिसतोय. तिला सांगायचं असेल तर ती पुढचं सांगेल.

बाईंना काय सांगायचं? सौम्यपणे एवढंच की साडेतीन वर्षांच्या मुलाकडून रेषेच्या आत रंग भरून घेण्याचा सराव आम्ही करणार नाही. बोटं तयार व्हायला रेषा लागत नाही. ओला स्पंज पिळू द्या, कणकेचा गोळा तिंबू द्या, मटार सोलू द्या, कपड्यांचे चिमटे लावू द्या. हळदीच्या कापडाचे चिमटे त्यालाच लावायला लावा. वर्षा-दीड वर्षात रंग आपोआप रेषेच्या आसपास येईल. बाई समजूतदार असतील तर एखादा खाकी कागद वर्गाच्या भिंतीलाही लागेल.

भिंतीवरच्या जुन्या रेघोट्यांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. मेणखडू प्लॅस्टिक पेंटच्या भिंतीवर असेल तर ओल्या मऊ फडक्यावर खायचा सोडा घेऊन हलक्या हाताने घासा, बराचसा निघतो. डिस्टेंपर असेल तर घासू नका, रेघेबरोबर भिंतीचा रंगही येईल. भाड्याची मुदत संपताना रंगाचा एक हात मारून द्या आणि तोवर त्या जागी खाकी कागद लावून ठेवा. कागद दिसला की हात तिकडेच वळतो. मेणखडू आणि स्केचपेन मात्र वरच्या फळीवर जाऊ द्यात. ते कागद चिकटवल्यावरच खाली येतील, हा नियम मुलाला दोन आठवड्यांत कळतो.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं, पसारा खरंच असतो. रोज नकोच. आठवड्यातून दोनदा खळ किंवा ठसे, बाकी दिवशी पाणी, एवढं पुष्कळ झालं. सुरू करायच्या आधी ओलं फडकं, रिकामं घमेलं आणि जुना शर्ट जागेवर हवा. शर्ट उलटा घाला, बटणं पाठीवर आली की पुढून रंग आत जात नाही. शेवटची दहा मिनिटं आवरण्याची, आणि त्यात मुलं हवीत: वाट्या धुणं, ब्रश धुणं, मॅटवर पाणी मारणं. धाकट्याला ते रंगवण्याइतकंच आवडेल. पाणी कमी असेल तर आधी घमेल्यात हात बुडवून मग नळ. तुमच्या पत्रात मुलांच्या बाबांचा कुठेच उल्लेख नाही. रविवार सकाळचं न्हाणीघर त्यांच्याकडे द्या. खळ शिजवण्यापासून फरशी पुसण्यापर्यंत सगळं, आणि तुम्ही त्या वेळात सासूबाईंना घेऊन भाजीला जा.

चित्रांच्या ढिगाचं काय करायचं, हे महिन्याभरात विचाराल. पोस्टर कलरची दोन-चार निवडून मागे तारीख घालून ठेवा, बाकीच्यांची पुस्तकांना कव्हरं घाला, भेटवस्तू गुंडाळा. खळीच्या रंगाचे कागद साठवू नका. पिठाचा वास झुरळांना लांबून लागतो आणि पावसाळ्यात कागदांना बुरशी येते. फोटो काढा आणि कागद रद्दीत टाका, मुलं झोपल्यावर.